हाती काय होते, तेही पाहावे

बोर्डाचा निकाल लागला की शाळेच्या फाटकाशी एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा मेरिटमध्ये किती?" प्रश्न चुकीचा नाही, पालकांनी तो विचारलाच पाहिजे. पण गेल्या पालकसभेत त्याच्या जोडीला एक सूचनाही आली. नववी-दहावीचा खेळाचा तास बंद करून तो गणिताला द्यावा. एक पालक म्हणाले, "फुटबॉल खेळून आजवर कोणाचं भलं झालंय?" चर्चा बरीच झाली, निर्णय मात्र झाला नाही. म्हणून या दोन्ही गोष्टींवर आमचे मत येथे मांडत आहोत. ते एका फुटबॉलपटूच्या आयुष्याच्या आधाराने मांडले तर अधिक स्पष्ट होईल असे वाटते.

खालिद जमील हे नाव आता वर्तमानपत्र वाचणाऱ्या सर्वांना माहीत आहे. त्यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये झाला. भारतात आल्यावर मुंबई हीच त्यांची कर्मभूमी ठरली. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया या मुंबईच्या संघांकडून ते खेळले, भारताकडूनही खेळले. ते मधल्या फळीतील खेळाडू. ज्यांनी फुटबॉल पाहिला आहे त्यांना हे काम ठाऊक असेल. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, मान वर करून कोण कुठे मोकळा आहे ते पाहायचे आणि योग्य माणसाकडे तो पोहोचवायचा. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी छापून येते. चेंडू पोहोचवणाऱ्याचे बहुधा येत नाही.

पुढे दुखापतींनी त्यांना ग्रासले. मुंबई एफसी या संघात ते खेळाडू म्हणून गेले खरे, पण मैदानावर फारसे उतरू शकले नाहीत. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, २००९ मध्ये, ते त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून त्यांची गोष्ट येथेच संपते. त्या दिवशी कोणी विचारले असते, "फुटबॉल खेळून काय मिळालं?" तर सांगण्यासारखे थोडेच होते. पण मैदानाच्या मध्यभागी उभे राहून दहा जणांवर लक्ष ठेवण्याची जी सवय लागली होती, ती गुडघा दुखावला म्हणून जात नाही. पुढची सगळी वर्षे त्यांना तिचाच उपयोग झाला असे आम्हाला वाटते.

मुंबई एफसी हा काही श्रीमंत संघ नव्हता. आय-लीगमध्ये समोर कोलकात्याचे आणि गोव्याचे नावाजलेले संघ असत. खालिद यांनी सात हंगाम हा संघ सांभाळला. या सात वर्षांत एकदाही करंडक मिळाला नाही, पण संघ एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. तक्त्यात मधे कुठेतरी, कधी त्याहूनही खाली, त्याचे नाव असायचे. आपल्याकडे अशा कामगिरीला "जेमतेम पास" म्हणतात. २०१६ मध्ये खालिद आणि मुंबई एफसी यांची वाट वेगळी झाली.

ते गेले थेट मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे. हा संघ आदल्याच हंगामात खालच्या श्रेणीत गेलेला होता. गोव्यातील काही क्लबांनी स्पर्धा सोडली आणि जागा रिकामी झाली, म्हणून त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. आपल्या भाषेत सांगायचे तर ग्रेसवर वरच्या वर्गात बसलेला विद्यार्थी! खालिद यांनी मुंबईतून जयेश राणे, आशुतोष मेहता असे काही ओळखीचे खेळाडू सोबत घेतले आणि बाकी भिस्त मिझोरामच्या तरुण मुलांवर ठेवली.

पुढे जे झाले ते भारतीय फुटबॉलमध्ये पूर्वी झाले नव्हते. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० असे हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता आणि विजेतेपदासाठी एक गुण पुरेसा होता. पहिल्या दहा मिनिटांतच शिलाँग लाजाँगने गोल केला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि आय-लीगमधून खाली घसरला. एका माणसाच्या जाण्यानेच हे घडले असे म्हणणे घाईचे होईल. संघ बिघडायला अनेक कारणे लागतात. पण एवढे मात्र खरे, की सात वर्षे ज्याला सगळे "जेमतेम" समजत होते ते टिकून राहणे किती कष्टाचे होते, हे ते थांबल्यावरच कळले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे नुसते गुणगान होईल. ऐझॉलनंतर खालिद ईस्ट बंगालकडे गेले. तेथे साधने होती, नाव होते, पण २०१७-१८ मध्ये संघ चौथा आला. मोहन बागानमध्येही ते फार काळ राहिले नाहीत. त्यांचा संघ बचावात्मक खेळतो, देखणा खेळत नाही, अशी टीका होत आली आहे आणि ती अगदीच निराधार नाही. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडचा जुना प्रशिक्षक हंगामाच्या मध्येच गेला तेव्हा, २०२१ च्या प्रारंभी, त्यांनी तात्पुरती जबाबदारी घेतली आणि संघाला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेले. त्याच वर्षी त्यांना त्या संघाचे पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक करण्यात आले. या लीगमध्ये हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. जमशेदपूर एफसीलाही त्यांनी २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरीत पोहोचवले.

१ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक जाहीर झाली. गोव्याचे सावियो मेदेइरा, तेही मधल्या फळीतलेच, २०१२ पर्यंत या पदावर होते. त्यानंतर सुमारे तेरा वर्षांनी हे काम भारतीय माणसाकडे आले. सुरुवात चांगली झाली. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातील स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान मिळवले. पण १४ ऑक्टोबरला मडगावच्या मैदानावर सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवले. टीका झाली, ती व्हायलाच हवी होती. मात्र खालिद आले तेव्हा पात्रता फेरीचे दोन सामने होऊन गेले होते आणि भारताच्या खात्यात एकच गुण होता, हे किती जणांनी लक्षात घेतले?

आमचे म्हणणे एवढेच आहे. तक्ता माणूस कुठे पोहोचला ते सांगतो, कुठून निघाला ते सांगत नाही. मोजमाप करायचे तर दोन्ही टोके हवीत.

आता आपल्या शाळेकडे पाहू. येथे भरवेलीच्या खाणीवर काम करणाऱ्यांची मुले येतात, वारासिवनीकडून बसने येणारी मुले येतात. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी पोवारी, कोणाच्या घरी हिंदी. सहावीत आला तेव्हा ज्याला भागाकार येत नव्हता आणि वाचताना जो बोटाने ओळ धरत होता, तो मुलगा दहावीला ५२ टक्के मिळवतो. घरी शिकवणी आणि स्वतंत्र खोली असलेला दुसरा ९० टक्के मिळवतो. दोघांचेही कौतुक व्हावे. पण फलकावर नाव दुसऱ्याचेच लागते. पहिल्याला चार वर्षे पुढे ढकलत नेणाऱ्या शिक्षकाचे नाव तर कुठेच लागत नाही. हे शिक्षक आपल्या शाळेचे मधल्या फळीचे खेळाडू आहेत. आपण मेरिटची यादी पाहून शाळेला "जेमतेम" ठरवले आणि मुले दुसरीकडे हलवली, तर आपण काय गमावले हे कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

याचा अर्थ शिक्षकांना प्रश्न विचारू नयेत असा नाही. हाती थोडे होते ही सबब म्हणून कायम चालणार नाही. खालिद यांच्या हाती ऐझॉलमध्येही थोडेच होते, तरी त्यांनी लीग जिंकली. म्हणून निकालाच्या दिवशी पालकांनी दोन प्रश्न विचारावेत. "कितवा आला?" आणि "कुठून आला?" शाळेनेही दोन्हींची उत्तरे तयार ठेवावीत. सहावीत प्रवेश घेतानाची प्रत्येक मुलाची नोंद जपून ठेवली तर हे अवघड नाही.

राहता राहिला खेळाचा तास. आपल्या मुलांपैकी कोणी भारताकडून खेळेल असे स्वप्न आम्ही दाखवत नाही. पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात येणे, आपल्याला गोल करता येत नसेल तर दुसऱ्याला चेंडू देणे, पडलेल्याला हात देऊन उठवणे, हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. गणितासाठी वेळ हवाच असेल तर शाळा अर्धा तास आधी भरवता येईल. आम्हा शिक्षकांची त्याला तयारी आहे. मैदानावरचा तास मात्र काढून घेऊ नये, अशी पालकांना आमची नम्र विनंती आहे.

येत्या सभेत या विषयावर निर्णय व्हायचा आहे. सर्वांनी यावे, मत मांडावे. आमचे मत आम्ही मांडले. ते पटले नाही तरी चर्चा व्हावी, हीच अपेक्षा.