पत्त्यातलं तारेचं कुंपण

सोलापुरात आजही पाकिटावर पत्ता लिहिला जातो : सेटलमेंट फ्री कॉलनी. लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पोस्टमनलाही नाही. पण या पत्त्यात एक अख्खा तुरुंग दडलेला आहे.

1857च्या उठावाने हादरलेल्या इंग्रज सरकारला फिरस्त्या माणसांची भीती वाटू लागली. 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आला, 1911 साली तो साऱ्या ब्रिटिश भारतासाठी झाला. पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी, मांग गारुडी अशा जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात वसवलं, तीच सेटलमेंट. त्यांच्या श्रमाची गिरण्यांनाही गरज होतीच. भोंगा होण्याआधी हजेरी, भोंग्यानंतर पुन्हा हजेरी. गावाबाहेर जायचं तर पास. बारशाला, मयताला, कशालाही. आपल्याच सोयऱ्याच्या तिरडीला खांदा द्यायला परवानगी मागावी लागणं, हे मला कुठल्याही लढाईतल्या जखमेइतकंच खोल वाटतं.

देश 1947 साली स्वतंत्र झाला. ही माणसं मात्र त्या कायद्यातून 31 ऑगस्ट 1952ला सुटली, पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. आजही त्यांच्यातले अनेकजण 15 ऑगस्टइतक्याच मनापासून 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात.

या अंकासाठी आम्ही त्या वस्तीतल्या आज्यांशी बोललो. चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी आपल्याच गल्लीत येते, असं त्या सांगत होत्या. बोलताना त्यांची नजर दाराकडे होती.