नवे सील बसवले, तरी तेल गळतेच!

लखनौच्या हजरतगंजमधून एका मराठी वाचकाचे पत्र आले आहे. घरात वडिलांच्या वेळची 'विजय सुपर' आहे. मागच्या चाकापाशी गिअर ऑईल झिरपू लागले, म्हणून त्यांनी लालबागेतून सील आणले आणि घरीच बसवले. आठ दिवसांत अंगणात पुन्हा तेलाचा डाग! इंजिन पुन्हा खोलू का, असे ते विचारतात.

इतक्यात खोलू नका. मात्र गळती सापडेपर्यंत स्कूटर रस्त्यावर काढू नका. या गाडीत मागचे चाक आणि ब्रेकचा ड्रम गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्यावरच बसतो. तिथले सील गळले की तेल थेट ब्रेकच्या लायनरवर जाते. अंगणातला डाग धुता येतो. गंजच्या गर्दीत ऐनवेळी ब्रेक न लागणे परवडणारे नाही.

'विजय सुपर' तर लखनौचीच लेक. इटलीच्या इनोसेंटी कंपनीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री घेऊन, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी 'स्कूटर्स इंडिया'ने ती बनवली. तिथले दुचाकींचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले आणि २०२१ मध्ये कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. म्हणून आता सील घेताना जुने सोबत न्या आणि मापे ताडून पाहा.

आता शोध. प्रथम तेलाची पातळी बघा. "जरा जास्त असू दे" म्हणून ओतलेले तेल आपली वाट शोधतेच. मग तेल भरण्याच्या बुचाचे बारीक छिद्र तपासा. इंजिन तापले की आतली हवा फुगते. छिद्र मळाने बुजले असेल तर ती नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. अनेकदा दुखणे एवढेच असते!

हे ठीक असेल तर इंजिनाचा खालचा भाग रॉकेलने धुऊन कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. अंगणातच पहिल्या गिअरमध्ये चार सावकाश फेऱ्या मारा आणि खाली वर्तमानपत्र पसरून गाडी उभी करा. पावडर जिथे सर्वांत आधी भिजेल तिथे गळती. थेंब पडतो ती जागा फसवी असते. बोटावर घेऊन वासही घ्या. पेट्रोलचा वास आला तर दोष कार्ब्युरेटरकडे, सीलकडे नाही.

सीलच गळत असेल तर ते काढून नीट निरखा. त्याची बारीक स्प्रिंग तेलाच्या बाजूला होती ना? हातोडीने ठोकताना ते तिरके बसले का? त्याच मापाचा पाइपचा तुकडा टेकवून ठोकले तर सरळ बसते. दांड्याच्या दातांवरून सरकवताना रबरी कडा चिरली जाते, म्हणून दातांवर प्लॅस्टिक गुंडाळावे आणि कडेला तेलाचे बोट लावावे. शेवटी दांड्यावरून नख फिरवा. जुन्या सीलने खाच पाडली असेल तर दहा सीले बदलूनही उपयोग नाही. सील किंचित पुढे-मागे बसवावे लागेल, नाहीतर दांडा बदलावा लागेल.

पातळी उतरते पण थेंब दिसत नाही आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो, असे असेल तर मात्र गिअरबॉक्सच्या बाजूचे क्रँकचे सील गेले आहे. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्या. आणि ब्रेकचे लायनर तेलाने भिजले असतील तर पॉलिश कागदाने घासत बसू नका, नवेच घाला.