पंखा मागे असला म्हणून काय बिघडले?



गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत सारस पक्ष्यांची जोडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच अशी त्याची ख्याती आहे. या पक्ष्याचे नाव दिलेले एक विमान आपल्या देशात तयार झाले. त्याच्यावरून मला आज तुमच्याशी थोडे भांडायचे आहे. नागपुरातल्या एका शाळेत विमानांविषयी बोलून झाल्यावर नववीतल्या एका मुलाने उठून विचारले, ‘‘सर, सारसचे पंखे उलटे लावले होते, म्हणूनच ते पडले ना?’’ वर्गातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात घंटा झाली आणि माझे उत्तर अर्धेच राहिले. ते आज पुरे करतो.

सारस हे बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या संस्थेने आखलेले चौदा आसनांचे विमान. पहिला नमुना २९ मे २००४ रोजी उडाला. त्याची दोन टर्बोप्रॉप इंजिने पंखांवर नव्हती, तर धडाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना आखूड आधारांवर बसवलेली होती आणि त्यांचे पंखे मागे तोंड करून होते. टर्बोप्रॉप म्हणजे काय, तर आत जेटसारखेच जळते वायू चक्र फिरवतात, पण त्या चक्राची बहुतेक ताकद प्रॉपेलर म्हणजे पंखा फिरवण्यात खर्च होते. (पंख आणि पंखा यांत गोंधळ करू नका. पंख उचलतो, पंखा पुढे नेतो.)

बैलगाडी बैल पुढून ओढतो. भाजीवाला हातगाडी मागून ढकलतो. दोन्ही गाड्या चालतात, मग विमानात मागून ढकलण्याचा खटाटोप कशाला? पुढच्या पंख्याने घुसळलेली हवा थेट पंखावर येते. पंखा मागे नेला की पंखाला शांत, अखंड हवा मिळते, घर्षण कमी होते आणि पंख्याची घरघर प्रवाशांच्या मागे पडते. हे फायदे फुकट मात्र मिळत नाहीत. मागचा पंखा पंखाच्या किंवा धडाच्या मागे ढवळलेल्या हवेत फिरतो, म्हणून बाहेर उभ्या माणसाला तो कर्कश वाटतो. कच्च्या धावपट्टीवर चाकांनी उडवलेले खडे त्याच्यावर आदळू शकतात. शिवाय जड इंजिने शेपटीकडे गेली की विमानाचा गुरुत्वमध्यही मागे सरकतो आणि तोल सांभाळण्यासाठी सगळी मांडणीच बदलावी लागते.

ही मांडणी बदलून दाखवली ती इटलीच्या पियाजियो कंपनीने. तिचे पी-१८० अवांती हे विमान २३ सप्टेंबर १९८६ रोजी प्रथम उडाले. त्याच्या नाकाजवळ दोन छोटे पंख आहेत, मुख्य पंख बराच मागे आहे आणि शेपटीवर नेहमीची आडवी पाती आहे. त्यातली युक्ती अशी. काठीच्या टोकाला गाठोडे बांधून ती खांद्यावर टाका. गाठोडे तुमच्या पुढे लोंबते आहे, म्हणून मागचे टोक तुम्ही हाताने खाली दाबता. खांद्यावर भार किती? गाठोड्याचा तर आहेच, वर तुमच्या हाताच्या दाबाचाही! साध्या विमानात नेमके हेच चालते. नाक जड असते, शेपूट खाली दाबते आणि मुख्य पंखाला दोन्हींचा भार पेलावा लागतो. आता एखाद्या मित्राने गाठोड्याला खालून थोडा हात लावला तर? खांदा हलका होतो. अवांतीचे पुढचे पंख हे त्या मित्राचे काम करतात. त्यामुळे मुख्य पंख लहान ठेवता आला आणि लहान पंखाला हवेचा विरोधही कमी.

परिणाम पाहा. प्रत्येकी ८५० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांवर हे विमान ताशी ७३० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. त्याच वर्षी, १९८६ साली, अमेरिकेत बीचक्राफ्ट कंपनीचे स्टारशिप उडाले. त्यालाही पुढे छोटे पंख आणि मागे ढकलणारे पंखे होते. इंजिने मात्र प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची. तरीही वेग ताशी सुमारे ६२० किलोमीटरच! ते संमिश्र पदार्थांचे, म्हणजे धाग्यांच्या कापडावर राळ थापून केलेले होते. नवा पदार्थ, म्हणून प्रत्येक ठिकाणी जास्तीची मजबुती ठेवत गेले आणि विमान जड होत गेले. अवघी ५३ तयार झाली. पुढे कंपनीनेच त्यांतली बरीचशी परत घेऊन नष्ट केली.

म्हणजे पंखा मागे असून एक विमान वेगवान ठरले आणि दुसरे बसले. आता सारसकडे या. त्याचे रिकामे वजन सुमारे ४१२५ किलोग्रॅम असावे, असे ठरले होते. पहिला नमुना तयार झाला तेव्हा ते भरले ५११८ किलोग्रॅम. वजाबाकी करा: ९९३ किलोग्रॅम. सामानासह एक प्रवासी शंभर किलोंचा धरला, तर चौदांपैकी दहा प्रवासी विमानात चढण्यापूर्वीच धातूच्या रूपाने येऊन बसले होते! विमानात वजन चक्रवाढ व्याजासारखे वाढते. धड जड झाले की पंख मोठा हवा, पंख मोठा झाला की इंजिन मोठे हवे, इंजिनाला इंधन जास्त हवे आणि ते सगळे पेलणारी चाके आणखी दणकट हवीत. दुसऱ्या नमुन्यात काही शे किलो उतरवले गेले, पण गणित पूर्ण जुळले नाही. माझ्या मते सारसची खरी दुखापत ही होती.

आणि अपघात? ६ मार्च २००९ रोजी दुसरा नमुना बंगळूरजवळ बिडदीच्या बाजूला कोसळला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्या दिवशी उडत्या विमानाचे एक इंजिन मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी चालली होती. इंजिन पुन्हा सुरू करण्याची जी पद्धत आखून दिली होती तीच चुकीची होती आणि ती पुरेशी उंची हाताशी नसताना वापरली गेली, असे चौकशीत निघाले. चूक कागदावर आखलेल्या क्रमात होती आणि ती तीन माणसांच्या जिवावर बेतली. ‘पंखे उलटे म्हणून पडले’ असे म्हटले की ही चूक झाकली जाते, आणि पुढच्या वेळी सरळ पंख्याच्या विमानातही ती पुन्हा होऊ शकते. त्या मुलावर मी रागावलो नव्हतो. पण त्या डोलणाऱ्या माना मला आवडल्या नाहीत.

आकाराचे काहीच देणे लागत नव्हते, असे मात्र मी म्हणणार नाही. सारसने पंखे मागे नेले, पण अवांतीसारखे पुढचे पंख घेतले नाहीत. खर्च सगळा आणि नफा अर्धा, असा तो व्यवहार होता, असे मला वाटते. तुम्ही याच्याशी सहमत नसाल तर खुशाल वाद घाला.

आपल्या नागपूरचा याच्याशी काय संबंध, असे विचाराल. आपण देशाच्या मध्यावर आहोत. म्हणूनच १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा चारही महानगरांची विमाने मध्यरात्री नागपूरला येऊन थैल्यांची अदलाबदल करीत. मुंबई हवाई मार्गाने सुमारे ७०० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटरने जाणारे छोटे जेट हे अंतर ४९ मिनिटांत कापेल, ताशी ७०० ने जाणारे अवांती तासाभरात. फरक अकरा मिनिटांचा, आणि टर्बोप्रॉपला इंधन मात्र बरेच कमी. मिहानमध्ये फाल्कन २००० ही व्यावसायिक जेट विमाने पूर्ण बांधण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली. पहिले विमान २०२८ पर्यंत यावे असे ठरले आहे. मला त्याचा आनंद आहे. पण त्या विमानाचा प्रत्येक कोन फ्रान्समध्ये ठरून झालेला आहे. कुठला पंख किती मागे न्यायचा हा निर्णय घेण्याची आणि चुकला तर निस्तरण्याची संधी सारसवाल्यांना मिळाली, ती त्या कारखान्यात मिळणार नाही. पहिल्या नमुन्यात सुधारणा करून त्यांनी २४ जानेवारी २०१८ रोजी ते बंगळूरहून पुन्हा उडवले, सुमारे चाळीस मिनिटे. पुढे एकोणीस आसनांच्या आवृत्तीचे कामही हाती घेतले.

आता घरचा प्रयोग. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर मोठा पंख मागे आणि छोटा पंख पुढे चिकटवा, नाकावर ओल्या मातीची गोळी बसवा आणि गच्चीवरून अलगद सोडा. गोळी दर खेपेला अर्धा सेंटिमीटर मागे सरकवत जा. कुठल्या जागेनंतर ते नाक वर करून गिरक्या घेत खाली येते, तेथे पेन्सिलीने खूण करा. मग छोटा पंख काढून मागे शेपूट लावा आणि ती खूण कुठे सरकते ते पाहा.