नाथान बथशेबाकडे गेला नव्हता

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एका मैत्रिणीला सुनावलं. ती पुण्यात एका मुलासोबत लग्न न करता राहत होती. मेसेजची सुरुवात ‘प्रेमानं सांगतोय’ अशी, शेवटी बायबलचा संदर्भ. सतरा जणांनी हात जोडले, दोघांनी ‘आमेन’ लिहिलं. ती त्याच रात्री ग्रुपमधून बाहेर पडली. पुढे चर्चमध्येही दिसली नाही. कटू सत्य बोलणं हे ख्रिस्ती माणसाचं पाचारण आहे, आणि आपण ते पाळलं, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं.

त्याच महिन्यात आमच्या घरी चुलत बहिणीचं लग्न जमवणं चालू होतं. मुलगा शिकलेला, नोकरीला, दर रविवारी उपासनेला हजर. काकांनी फोनवर आवाज बारीक करून मध्यस्थाला विचारलं, “पण मूळचे कोण?” उत्तर आलं आणि स्थळ बारगळलं. मी समोरच सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. तोंडातून अक्षर काढलं नाही.

आमच्याकडे सत्य नेहमी उताराच्या दिशेनं का वाहतं? घटस्फोटित बाईला सांगायला सगळ्यांकडे वचन तयार असतं. मुलींच्या कपड्यांवर तर अख्खं शिबिर होतं. पण बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी लग्नाच्या बैठकीत जात विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर, किंवा चर्चच्या जमिनीचे व्यवहार झाकून ठेवणाऱ्या कमिटीसमोर, आमचं पाचारण म्यूटवर जातं. (ऑफिसातही तेच म्हणा. ज्युनियरच्या कोडवर मी चाळीस कमेंट टाकतो. आर्किटेक्टच्या गचाळ डिझाइनला थम्ज-अप देतो.)

कटू बोलण्याच्या समर्थनाला हमखास नाथान संदेष्ट्याची गोष्ट येते. ती नीट वाचा. दावीद राजानं उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान बथशेबाला ‘प्रेमानं सांगायला’ गेला नाही. तो गेला राजाकडे, ज्याच्या एका इशाऱ्यावर त्याचं स्वतःचं डोकं उडालं असतं. गेला तोही गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट घेऊन, म्हणजे राजानं निकाल स्वतःच्या तोंडानं द्यावा. आम्ही त्यातला फक्त आरोप उचलला. धोका तिथेच सोडला.

एवढं लांब कशाला, पंडिता रमाबाई आपल्याच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मगुरूंचं म्हणणं मुकाट्यानं मान्य केलं नाही. पटत नाही ते पत्रांतून सरळ कळवलं. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांचे हाल होतात, असं त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं. राज्यकर्ते त्यांच्याच नव्या धर्माचे, आणि आश्रम चालायचा मुख्यतः अमेरिकेतल्या देणग्यांवर. गप्प बसायला याहून चांगलं कारण कुणाला मिळालं असतं? गव्हर्नरनं आरोप फेटाळले. बाईंनी शब्द मागे घेतले नाहीत.

‘आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघ’ हे उत्तर मला ठाऊक आहे. कमिटीतल्या लोकांना ते वचन पाठ असतं, फक्त ते ते दुसऱ्यांना ऐकवतात. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायात चुकलेल्या भावाकडे आधी एकट्यानं जा असं सांगितलंय, ते मी त्या मेसेजच्या वेळी सोयीस्कर विसरलो होतो. सतरा जोडलेले हात हवे होते ना.

गेल्या नाताळात करंज्यांचं ताट मध्ये ठेवून मी काकांना एकट्याला गाठून विचारलं, त्या मुलात नक्की काय कमी होतं? त्यांनी करंजी खाली ठेवली. “तुझ्या लग्नाच्या वेळी बघू तुझी तत्त्वं,” म्हणाले आणि उठून गेले. तेव्हापासून आमच्यात फक्त ‘जय ख्रिस्त’पुरतं बोलणं आहे.

मैत्रिणीलाही माफीचा मेसेज पाठवला, या वेळी तिला एकटीला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.