इरिलाचें नांव आणि आमचें नांव

ग्रीस देशांतील अथेन्स नगरीची कथा आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं वाचली असेल. त्या नगरीचें दैवत कोणी व्हावें, याविषयीं पोसायडन आणि अथीना यांच्यांत स्पर्धा लागली. पोसायडननें त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला. अथीनेनें ऑलिव्हचें झाड दिलें, आणि नगरी तिची झाली. ही पुराणकथा झाली. इतिहास असें सांगतो कीं, अथीनेचें पार्थेनॉन मंदिर इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळांत बांधिलें गेलें. पुढें त्याचें चर्च झालें, मग मशीद झाली, आणि १६८७ सालीं आंत सांठविलेल्या दारूचा स्फोट होऊन तें भंगलें. सन ठाऊक झाला म्हणून तेथील कथा कोणी टाकून दिली नाहीं, आणि कथेसाठीं कोणी सन खोडला नाहीं.

हाच विवेक आपण आपल्या घरीं दाखवितों काय? कुकडीच्या आणि घोडनदीच्या खोऱ्यांत वाढणाऱ्या मुलास विचारावें, तर लेण्याद्रीवर गिरिजेनें पुत्रासाठीं तप केलें, हें तें चटकन सांगेल. लेणीं पांडवांनीं एका रात्रींत कोरलीं, असेंही सांगेल. या कथा त्यानें आजीच्या मांडीवर ऐकिल्या आहेत. त्या त्याच्यापासून हिरावून घ्याव्या, असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. परंतु जेथें आज गिरिजात्मजाची पूजा होते, तो मूळचा बौद्ध भिक्षूंचा विहार होय, हें मात्र त्यास क्वचितच कोणी सांगतो.

जुन्नरभोंवतीं दोनशेंहून अधिक लेणीं आहेत. त्यांतील ब्राह्मी लिपींत कोरलेल्या प्राकृत लेखांत तीन दात्यांस 'यवन' म्हटलें आहे. इरिलानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, चितानें संघास भोजनमंडप दिला, चंदानें गर्भद्वार दिलें. 'यवन' हा शब्द आयोनिया या ग्रीक प्रांताच्या नांवावरून आला. पुढें तो पश्चिमेकडील इतर परकीयांसही लावूं लागले. तेव्हां हे तिघे अथेन्सचेच होते, असें म्हणतां येणार नाहीं. पण कोंकणांतील बंदरांचा व्यापार नाणेघाट चढून जुन्नरास येत असे, आणि परकीयांनीं येथील भाषेंत, येथील धर्मास दान दिलें, एवढें निश्चित.

इरिलाचें नांव त्या खडकावर राहिलें, तें त्यानें तहानेल्यांस पाणी दिलें म्हणून. आज आमच्यांतील कोणी सहलीस जातो आणि खिळ्यानें किंवा कोळशानें तेथेंच आपलें नांव लिहितो. त्यानें काय दिलें? उलट, दोन हजार वर्षें टिकलेलें अक्षर त्याच्या हातून एका क्षणांत नाहींसें होऊं शकतें. आणि एकदां झिजलेला लेख पुन्हां कोरतां येत नाहीं.

पालकांस आमची विनंति आहे कीं, सुटींत मुलांस लेण्याद्रीस अवश्य न्यावें. पायऱ्या चढतांना गिरिजेची कथा सांगावी. वर पोंचल्यावर भिक्षूंच्या खोल्या दाखवाव्या आणि इरिलाच्या टाक्यांची गोष्ट सांगावी. कथेनें स्थानाविषयीं प्रेम उपजतें, इतिहासानें तें प्रेम डोळस होतें. आणि मुलांनो, नांव राखण्याची इच्छा असेल तर तें दगडावर ओरखडूं नका; इरिलासारखें कांहीं देऊन जा.