नेमका शब्द

‘सहलीत खूप मजा आली. तेथील निसर्ग फारच सुंदर होता. अनेक गोष्टी पाहावयास मिळाल्या. जेवणही छान होते. एकंदरीत ही सहल अविस्मरणीय झाली.’ शाळेतील निबंधाच्या वह्या उघडल्या, की अशी चार-पाच वाक्ये हटकून भेटतात. त्यांत व्याकरणाची चूक नसते, शुद्धलेखनाचीही नसते. तरीही ती वाचून वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. सहल डोंगरावर गेली होती की समुद्रकाठी, हेदेखील त्यांतून कळत नाही. चाळीस मुलांनी चाळीस निरनिराळी ठिकाणे पाहून हीच वाक्ये लिहिली, तरी ती सर्व ठिकाणांना चालतील. कोणत्याही ठिकाणाला चालणारे वाक्य त्या एका ठिकाणाविषयी काहीच सांगत नसते.

याचा अर्थ ‘खूप’, ‘फार’, ‘छान’, ‘सुंदर’, ‘गोष्ट’, ‘वगैरे’ हे शब्द वाईट आहेत, असा नव्हे. बोलताना ते उत्तम काम देतात. ताट वाढणाऱ्या आईला मुलगा ‘छान झाले आहे हं!’ असे म्हणतो, तेव्हा त्याचा फुललेला चेहरा, आवाजातील आनंद आणि पुढे केलेली वाटी त्या एका शब्दाच्या मदतीला धावून येतात. कागदावर मात्र शब्दाच्या सोबतीला कोणी नसते. तेथे चेहरा नाही, हातवारे नाहीत, आवाजाचा चढउतार नाही. सारा भार एकट्या शब्दाने वाहायचा असतो, आणि दुबळ्या शब्दाला तो पेलत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने असे दुबळे शब्द वेचून काढावेत व त्यांच्या जागी नेमके शब्द घालावेत, हेच योग्य होय.

नेमका शब्द म्हणजे अवघड शब्द, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक असे शब्द पोथ्यांपेक्षा शेतात आणि स्वयंपाकघरात अधिक सापडतात. ‘शेतकरी शेतात खूप कष्ट करतो’, असे निबंधात लिहिले जाते. शेतकरी स्वतः असे कधी बोलत नाही. तो जमीन नांगरतो, मग कुळवतो, पाभरीने पेरतो, कोळपतो, खुरपतो, विळ्याने कापणी करतो, मळणी करतो आणि वाऱ्याची दिशा पाहून उफणतो. या प्रत्येक शब्दामागे वेगळे अवजार, वेगळा हंगाम आणि वेगळे श्रम आहेत. ‘पावसाने उघडीप देताच त्याने कोळप्याला बैल जुंपले’, या एका वाक्यातून किती गोष्टी कळतात! पाऊस चांगला झाला आहे. पीक उगवून आले आहे. परंतु दोन ओळींमधून बैलांना जाता यावे, इतके ते अजून लहान आहे. पिकाबरोबर तणही माजले आहे, आणि पुन्हा पाऊस येण्यापूर्वी ते कापून टाकण्याची घाई आहे. ‘कष्ट’ हा शब्द या वाक्यात कोठेही आलेला नाही. पण कष्ट दिसतात.

स्वयंपाकघरातील भाषाही अशीच काटेकोर असते. दूध तापवणे, उकळणे, आटवणे आणि विरजणे ही चार निराळी कामे आहेत. नासू नये म्हणून दूध तापवतात. बासुंदीसाठी ते आटवतात. दह्यासाठी कोमट करून विरजतात. पुढे दही घुसळतात आणि निघालेले लोणी कढवतात, तेव्हा तूप हाती येते. येथे शब्द चुकला, तर पदार्थच चुकतो. ‘दुधाचे काहीतरी कर’, असे सांगून आजी कधी घराबाहेर पडत नाही. ज्यांना दररोज कामाशी झुंजायचे असते, त्यांना मोघम शब्द परवडत नाहीत.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. महसूल खात्यातील नोकरीमुळे त्यांना खेड्यांतील जीवन जवळून पाहता आले होते. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही ते पुस्तक अभ्यासले जाते, याचे एक कारण हे, की गावातील प्रत्येक व्यवहाराला गावकऱ्यांच्या तोंडी जो शब्द होता, तोच त्यांनी वापरला. लक्ष्मीबाई टिळक यांना शाळेचे रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. तरी त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ ग्रंथांत गणले जाते. त्यांनी जे पाहिले व सोसले, ते घरच्या साध्या शब्दांत सांगितले. या दोन्ही उदाहरणांवरून दिसते, की नेमक्या शब्दासाठी आधी नेमके पाहावे लागते. ज्याने नीट पाहिलेच नाही, त्याला ‘सुंदर’ या शब्दापलीकडे काही सुचत नाही. आणि ज्याने नीट पाहिले, त्याला तो शब्द बहुधा लागतच नाही.

पावसाचेच पाहा. ‘पाऊस पडला’, हे वाक्य खरे असले, तरी अपुरे आहे. भुरभुर पावसाने अंगणातील धूळही धड बसत नाही. रिमझिम पाऊस जमिनीत हळूहळू मुरतो. वळीव उन्हाळ्याच्या अखेरीस दुपार कलल्यावर गडगडाट करीत येतो आणि घटकाभरात निघून जातो. सर येते आणि जाते. झड मात्र लागते, आणि लागली, की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. मराठी माणसाने पावसाकडे पिढ्यान्पिढ्या डोळे लावले, म्हणून त्याच्या भाषेत पावसाला इतकी नावे आली. हवामानशास्त्राला तर शब्दांनीही भागत नाही. ते मापाचा आधार घेते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत ‘खूप पाऊस पडला’, असे सांगितले, तर ते खोटे ठरणार नाही. परंतु त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातील कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर, असे सांगितल्यावर ऐकणारा दचकतो. एकाच शहराच्या एका भागात प्रलय आणि दुसऱ्या भागात पावसाळ्यातील एक साधा दिवस! ‘खूप’ या शब्दाने हा सारा भेद झाकून टाकला होता.

मोघम शब्दामुळे केवळ निबंधाचे गुण कमी होतात, असे समजणे चुकीचे होईल. आजारी मूल ‘दुखते’ एवढेच सांगते, तेव्हा वैद्यालाही अंदाजाने चालावे लागते. जखम ठसठसते, डोळा चुरचुरतो, काटा सलतो, दात ठणकतो, छातीत जळजळते, पोटात मुरडा येतो, किंवा एकाएकी कळ येते. या प्रत्येक शब्दाने दुखण्याचा वेगळा माग लागतो. जे मूल नेमका शब्द सांगू शकते, त्याच्यावर उपचार करणे सोपे जाते. गावाच्या कारभारातही हेच घडते. ‘शाळेजवळचा रस्ता फार खराब आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’, असा अर्ज ग्रामपंचायतीकडे गेला, तर तो इतर अर्जांच्या गठ्ठ्यात सहज पडून राहतो. उलट, ‘शाळेच्या फाटकापासून वीस पावलांवर, रस्त्याच्या मधोमध गुडघाभर खोल खड्डा आहे, पावसाचे पाणी भरले, की तो दिसत नाही, पहिलीची मुले त्याच वाटेने येतात’, असे लिहिले, तर वाचणाऱ्याला तो खड्डा दिसतो. एकदा दिसलेला खड्डा विसरणे कठीण असते.

काही वेळा मोघम शब्द आळसामुळे येत नाहीत. ते कोणाला तरी लपवण्यासाठी येतात. ‘खिडकीची काच फुटली’, असे मुलगा सांगतो, तेव्हा जणू काच आपल्या आपण फुटली, असे वाटते. ‘चेंडू मारताना माझ्या हातून काच फुटली’, असे म्हणायला धैर्य लागते. मोठी माणसेही ‘चूक झाली’, ‘विलंब झाला’, ‘निर्णय घेण्यात आला’, असे लिहितात. चूक कोणाची, विलंब किती दिवसांचा आणि निर्णय कोणी घेतला, हे त्यांतून कळू नये, अशीच कधीकधी इच्छा असते. करणाऱ्याचे नाव वाक्यात घालणे ही लेखनाची जशी शिस्त आहे, तशी ती प्रामाणिकपणाचीही खूण आहे.

दुबळेपणाचा दुसरा एक प्रकार भरजरी पोशाखात वावरतो. ‘अप्रतिम’, ‘नयनमनोहर’, ‘अवर्णनीय’, ‘अत्यंत रमणीय’ असे शब्द मोठे दिसतात. पण ते ‘छान’ याच शब्दाचे थोरले भाऊ होत. ‘सूर्य मावळला’ याऐवजी ‘सहस्ररश्मी अस्ताचलास गेला’, असे लिहिल्याने संध्याकाळ अधिक स्पष्ट दिसत नाही. ज्याने प्रत्येक टेकडीला ‘अप्रतिम’ म्हटले, त्याच्यापाशी हिमालयासाठी शब्दच उरत नाही. शब्द लहान असो की मोठा, मराठमोळा असो की संस्कृत, त्याची परीक्षा एकच: तो या वस्तूला लागू पडतो आणि दुसरीला पडत नाही, असा आहे काय?

येथे कोणी म्हणेल, की प्रत्येक गोष्ट मोजून-मापून लिहिल्यास लेखन रुक्ष होईल. ही शंका अगदीच निराधार नाही. प्रत्येक झाडाची उंची आणि प्रत्येक पायरीचा क्रमांक सांगणारा लेख कोणी आवडीने वाचणार नाही. जेथे माहिती निश्चित नसते, तेथे ‘सुमारे’ किंवा ‘बहुधा’ असे लिहिणे हाच नेमकेपणा होय. उगाच ठोस आकडा ठोकून देणे हा नव्हे. सांगण्याजोगे काय आणि सोडून देण्याजोगे काय, हे ठरवणे लिहिणाऱ्याच्या हाती असते. परंतु जे सांगायचे, ते तरी दिसेल असे सांगावे.

हे कौशल्य सरावाने साधते. पहिल्या खेपेस विद्यार्थ्याने मोकळेपणाने लिहावे. त्या वेळी शब्दांसाठी अडून बसू नये. मग वही थोडा वेळ मिटून ठेवावी आणि पुन्हा वाचताना प्रत्येक ‘खूप’, ‘छान’, ‘गोष्ट’ यांखाली रेघ ओढावी. रेघेपाशी थांबून स्वतःस विचारावे: किती? कसे? कोणती? कोणी? उत्तर मिळाले, की तेच उत्तर तेथे लिहावे. उत्तर मिळत नसेल, तर बहुधा तो शब्दच नको असतो. तो खोडला, की वाक्य हलके होऊन चालू लागते. क्रियापदांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘म्हातारा हळूहळू चालत होता’, यात म्हातारा थकलेला आहे, लंगडा आहे, की फिरायला निघाला आहे, हे समजत नाही. तो पाय ओढीत होता, खुरडत होता, की रमतगमत येत होता? एक क्रियापद बदलले, की माणूस बदलतो.

या रीतीने सहलीची ती वाक्ये पुन्हा लिहिली, तर ती अशी होऊ शकतील: ‘पन्हाळ्यावरील गंगा कोठीत शिरताच बाहेरचे ऊन उंबरठ्याशीच थांबले. आत थंडगार काळोख होता. कोणीतरी हाक मारली. ती दगडी भिंतींवरून घुमत परत आली आणि सारा वर्ग खिदळला. पूर्वी या कोठीत धान्य साठवीत असत, असे गुरुजींनी सांगितले, तेव्हा सर्वांनी मान वर करून छताकडे पाहिले.’ यात ‘मजा’ हा शब्द नाही, ‘अविस्मरणीय’ही नाही. तरी वाचणारा त्या मुलांबरोबर काळोखात उभा राहतो.

शब्दांचे मोठमोठे कोश मराठीत आहेत. १९३२ ते १९३८ या काळात दाते आणि कर्वे यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात जाडजूड विभाग पाहिले, तरी या भाषेच्या वैभवाची कल्पना येते. पण कोशात निजलेला शब्द आपण होऊन लिहिणाऱ्याच्या हाती येत नाही. सुताराचे काम पाहताना, आजीचे बोलणे ऐकताना, शेताच्या बांधावर उभे असताना जो कान आणि डोळे उघडे ठेवतो, त्यालाच तो सापडतो. वीस-पंचवीस मोघम शब्दांवर दिवस काढणाऱ्याला आपल्या घरातील धनाची ओळखच होत नाही. हे धन वापरल्याने कमी होत नाही. वापरले नाही, तरच ते हळूहळू नाहीसे होते. म्हणून नेमका शब्द शोधणारा प्रत्येक विद्यार्थी केवळ स्वतःचा निबंध सुधारीत नसतो. तो आपली भाषाही जिवंत ठेवीत असतो.