भूगोल घेऊन काय करणार?

मानवी भूगोलात एम.ए. करतो म्हटलं की घरातून पहिला प्रश्न हाच येतो. मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. या प्रश्नातली हेटाळणी मला चांगली ठाऊक आहे. म्हणून उत्तर देतो.

बेळगाव तालुक्यातलं उचगाव बघा. मराठी साहित्य संमेलन भरवणारं गाव. 1956 साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला दिला, पण त्यातला चंदगड तालुका काढून मुंबई राज्यात ठेवला. शेजारीशेजारी मराठी गावं, मधून राज्याची हद्द! घटक तालुका धरला म्हणून हे झालं. गाव हा घटक धरा, भाषिक बहुमत आणि सलगता बघा, ही महाराष्ट्राची मागणी. 1967 चा महाजन अहवाल त्याने नाकारला, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

आता सांगा, घटक कुठला धरायचा हा प्रश्न कुठल्या विषयाचा? मानवी भूगोलाचाच ना?

आम्हां गोवेकरांची म्हादईसुद्धा त्याच जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उगम पावते. घोषणा देणारे आपल्याकडे पुष्कळ; खानेसुमारी वाचून नकाशा मांडणारे किती?

तेव्हा पोरांना अडवू नका. पोरांनो, तुम्हीही पदवीच्या भारदस्त नावाला भुलू नका. जिथे गावोगाव पायपीट करायला लावतात, तिथेच प्रवेश घ्या.